अमृतचं जावळ

जानेवारी उजाडला की वसतिगृहाच्या भिंतींना चुना बसायचा, मोरीच्या तुटक्या कड्या दुरुस्त व्हायच्या आणि सुलाबाईच्या जिवाला घोर लागायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या चर्चची आठ-नऊ माणसं दहा दिवस पोरांची सेवा करायला यायची. माणसं भली. आमटी तिखट लागून डोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाटी पुसून खायची. पोरांना गाणी शिकवायची, दात तपासायची आणि निघताना लहान लेकरांसारखी रडायची. वाईट त्यांच्यात कुणी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे झालं त्यात शिव्या घालायला माणूस शोधूनही सापडत नाही. एक सुलाबाई सोडली तर.

सुलाबाई तिथली मेट्रन. आटपाडीकडच्या माळावर मेंढपाळांच्या पोरांसाठी मिशननं काढलेलं ते वसतिगृह. ती स्वतः तिथंच वाढली होती. आईबाप मेंढरांमागं आणि ही शाळेच्या बाकावर. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला, तिथंच नोकरी धरली आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घातलं.

या सगळ्या पोरांत तिचा जीव होता तो राणीवर. राणी नववीत, आणि गणितात अशी की सर फळ्यावर चुकले तर खाली बसूनच सांगायची. तिच्या वयाच्या बाकीच्या पोरी केव्हाच मेंढरांमागं गेल्या होत्या किंवा लग्न होऊन नांदत होत्या. भावकी टोचून बोलायची, तरी तिचा बाप ज्योतिबा यानं सुलाबाईच्या भरवशावर पोरीला शाळेत ठेवलं होतं. दहावी झाली की तिला साताऱ्याला कॉलेजात घालायचं, असं सुलाबाईनं मनोमन ठरवून टाकलं होतं.

दिवाळीनंतर ज्योतिबाचा कळप कराडकडं निघाला, तेव्हा त्यानं पाच वर्षांच्या अमृतलाही बहिणीजवळ ठेवलं. उघड्यावर पोराची छाती भरायची. दोन लेकरं गेल्यावर जगलेला हा मुलगा. जन्मापासून त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. पौषात औंधच्या यमाईला त्याचं जावळ वाहायचं, असा नवस होता. निघताना ज्योतिबा एवढंच म्हणाला होता, "पोराच्या क्यासाला कुणाचा हात लागू दिऊ नगा, बाई. तुमच्या सबदावर ठिवून चाललोय." सुलाबाई व्हय म्हणाली होती.

यंदाच्या पाहुण्यांत कॅरल मॅडम म्हणून साठी उलटलेल्या बाई होत्या. जन्मभर त्यांनी केस कापायचं दुकान चालवलं होतं. देवाची सेवा करायची तर हातात आहे त्याच कलेनं करावी, असं ठरवून त्या कात्र्यांची पेटी घेऊन आल्या होत्या. पोरांच्या डोक्यात तर उवांचा बाजार भरलेला. ओसरीवर खुर्ची मांडून त्यांनी एकेकाला बसवलं. प्रत्येक पोर बसलं की त्या सुलाबाईकडं बघायच्या, सुलाबाई मान हलवायची, मगच कात्री चालायची. बाई तेवढ्या शहाण्या होत्या.

अमृत आपण होऊन खुर्चीवर चढून बसला. कॅरल मॅडमनी त्याचे खांद्यापर्यंतचे केस हातात घेतले आणि सवयीनं सुलाबाईकडं पाहिलं.

नको, एवढा एक शब्द पुरला असता. पण गेल्या वर्षी पाहुण्यांतल्या एका तरुणानं जत्रेतल्या बकऱ्याबद्दल विचारलं होतं. देवाला कापतात, असं तिनं खरं ते सांगितलं, आणि त्या लोकांनी एकमेकांकडं असं काही पाहिलं की आपली मेलेली आईच कुणीतरी चव्हाट्यावर उभी केली, असं तिला वाटलं. आता पुन्हा नवस, जावळ आणि यमाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुठून सांगायची? आणि मिशनमध्ये केस पिकवलेल्या बाईनं सांगायची? सुलाबाईला लाज वाटली. तिनं मान हलवली.

राणी शाळेतून आली तोवर भाऊ बोडका होऊन अंगणात खेळत होता. उवा पसरू नयेत म्हणून सगळे केस स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात टाकून काडी लावली होती. सुलाबाई धावत गेली, तर राखेतून नुसता धूर येत होता. राणीनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग ती म्हणाली, "बाई, आबा आता मला न्हाई ठिवायचं हितं."

तिसऱ्या दिवशी ज्योतिबाचा फोन आला, शनिवारी पोराला न्यायला येतो म्हणून. सुलाबाईनं फोनवर काही सांगितलं नाही. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. मग शुक्रवारी तिनं राणीला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि तिच्या वेणीखालची बोटभर जाडीची बट कापून घेतली. भावाबहिणीचे केस, रंग एक, कुणाला काय कळतंय? राणीनं मान पुढं केली. शाळा टिकणार असेल तर तिनं सगळीच वेणी दिली असती.

ज्योतिबा आला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तसाच पायरीवर बसला. पाहुण्या बाईंना माहीत नव्हतं, चुकून झालं, असं सुलाबाईनं सांगितलं.

"कापलं त्ये कापलं," तो म्हणाला. "यमाई काय लेकराच्या मुळावर उठती व्हय? क्यास तेवढं द्या. आईच्या पायावर घालतो."

सुलाबाईला रडू यायचं बाकी राहिलं. तिनं आतून धुतलेल्या रुमालातली बट आणून दिली.

ज्योतिबानं ती अंगठ्याबोटात धरली आणि चोळली. वर्षातून दोनदा आख्खा कळप कातरणारा तो हात. चोळता चोळता थांबला.

"ह्ये जावळ न्हवं. पैल्या क्यासाचं टोक निमुळतं, हाताला लागत न्हाई. ह्येला आदी कात्री लागल्याली हाय."

सुलाबाई म्हणाली, त्याचंच आहे. त्यानं तिच्याशी वाद घातला नाही. राणीकडं वळून विचारलं, "ह्ये अमृतचं हाय का गं?"

राणीनं एकदा सुलाबाईकडं पाहिलं. "व्हय आबा. त्येचंच हाय."

ज्योतिबा उठला. हळूच त्यानं पोरीची वेणी बाजूला केली. मानेवर कातरलेली जागा उघडी पडली.

"ह्ये शिकलीस व्हय हितं?"

सुलाबाईनं मग सगळं ओकून टाकलं. मान कशी हलवली, केस कसे जाळले, सगळं. माझं चुकलं, मला काय ती शिक्षा करा, पण पोरीचं वरीस बुडवू नका, म्हणून तिनं हात जोडले.

"पाव्हणीला ठावं नव्हतं, बाई. तुमाला ठावं व्हतं," ज्योतिबा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आन् जळालं तर जळालं म्हणायचं. राख न्हेली असती मी. आईला राख बी चालती. पोर शिकली न्हाई तर मेंढरं राखंल. लबाड झाली तर तिचं काय करू?" त्यानं राणीला कपडे भरायला सांगितलं.

तेवढ्यात कॅरल मॅडम हसत बाहेर आल्या. अमृतच्या डोक्याला थंडी वाजेल म्हणून त्यांनी लोकरीची टोपी आणली होती. ती त्यांनी स्वतः त्याला घातली. ज्योतिबानं त्यांना वाकून नमस्कार केला. मुलं कुठं निघाली, असं त्या विचारत होत्या. सुलाबाई अमृतची टोपी कानांवर ओढत राहिली.

राणीनं कपड्यांची पिशवी भरली. पुस्तकं ने की, असं बापच म्हणाला. तेवढा तो वाईट नव्हता. तिनं ती पायरीवर ठेवली. वाटेनं ओझं कशाला, म्हणाली. मग अमृतचा हात धरून ती फाटकाशी गेली आणि मागं वळली.

"जाते, बाई."

"येते म्हणावं, बाळ," सुलाबाई म्हणाली.

राणीनं ऐकलं, पण तसं ती म्हणाली नाही.