रुखमाबाईची पाचर

माडीची तुळई भिंतीत जिथे शिरते, नेमके तिथेच वाळवीने तिचे टोक पोखरले होते. चंद्रभान सुताराने कुजका भाग कापून टाकला, सागवानाचा नवा तुकडा सांधण्यासाठी खाच घेतली आणि तोवर माडीचा सारा भार स्वयंपाकघरात उभ्या केलेल्या टेकूवर पेलला. टेकूच्या डोक्याशी लाकडी पाचर ठोकलेली. काम असे अर्ध्यावर असतानाच बाबारावांच्या दारी मौदा गावची दमणी थांबली आणि तिच्यातून गणपतराव, म्हणजे बाबारावांच्या शामलेचे होऊ घातलेले सासरे, उतरले. ते उतरले तेव्हा बैलांना किती हायसे वाटले, हे लपून राहिले नाही.

"तुमी उद्या येनार होते नं जी?" बाबाराव गडबडले.

"उद्या अवस हाय, बाबाराव! अवसेले कोनी सोयरीक जुळवते का?"

ओसरी कापसाने आढ्यापर्यंत भरलेली. पाहुण्यांना बसवायला माडीवाचून जागा नव्हती. गणपतराव जिना चढू लागले, तसा चंद्रभानाने टेकूला हात लावून पाहिला.

"धरन का गा?" चुलीपाशी बसलेल्या रुखमाबाईने, शामलेच्या आईने, विचारले.

"पाचर हाय तोवर धरते, वयनी. पाचरीले मातर कोनी हात लावाचा नाही."

लग्नाची बोलणी पुरुषांनी करावीत आणि मुलीच्या आईने चूल फुंकावी, असा आमच्याकडचा रिवाज. त्याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे, हे मी अनेकांना विचारून पाहिले. सर्वांनी विषय बदलला. मात्र माडीच्या फळ्यांना फटी होत्या, आणि वरचा शब्द न् शब्द खाली ऐकू येत होता.

"पोराले सायकल लागन."

"देऊ जी," बाबाराव म्हणाले.

"आन् रेडिओ."

"देऊ."

"मऊ लागलं का कोपरानं खनते मानूस," रुखमाबाई पुटपुटली. "आता आमचे बैलच मांगन, पाय गा."

"आन् तुमची ते तांबडी जोडी," वरून आवाज आला, "मले लय आवडली बुवा."

बाबारावांनी चहाची कपबशी उगाच पुढे सरकवली. नकार देणे त्यांना जन्मात जमले नव्हते, आणि ती जोडी गेली असती तर त्या वर्षी शेत पडीकच राहिले असते. रुखमाबाई उठली. तिने चंद्रभानाच्या हातचा हातोडा घेतला आणि पाचरीच्या निमुळत्या टोकावर एक टोला दिला. तुळई सूतभर खाली बसली. सारी माडी कण्हली.

"बाबाराव, हे काय वाजलं?"

"जुनं घर हाय जी."

"हं. तं मी म्हनत होतो, जोडी..."

दुसरा टोला. वर कपबशा घरंगळल्या.

"वयनी, हात जोडतो वं!" चंद्रभान कासावीस झाला. "लोक म्हनतीन, चंद्रभानानं पोरीचा सासरा पाडला!"

"तो बैल सोडन, तं मी हातोडा सोडतो."

"राहू द्या जोडी!" वरून घाईघाईने आवाज आला. "बैल तुमच्याच दावनीले शोभते."

विजयाची चटक वाईट. रुखमाबाईने शब्द पाळला नाही. तिसरा टोला दिला.

"रेडिओबी नोको! उगाच कानाले तरास!"

सायकल तिने राहू दिली. जावई शामलेला डबलसीट माहेरी आणील, असा तिचा दूरचा विचार होता.

गणपतराव भिंत धरधरून जिना उतरले. जिना स्वयंपाकघरातच उतरत होता. चढताना नजरेआड राहिलेला टेकू त्यांनी आता पाहिला, बाहेर डोकावणारी पाचर पाहिली, आणि पदराआड न मावणारा हातोडाही पाहिला. त्यांच्या मागोमाग बाबारावांनीही तो पाहिला. जुळलेली सोयरीक आता मोडणार, हे त्यांनी मनोमन धरून टाकले.

"इहीनबाई," गणपतराव सावकाश म्हणाले, "पोरगी कोनावर गेली?"

रुखमाबाईने मान वर केली. "माह्यावर."

गणपतराव असे खदखदून हसले की, चंद्रभानाने धावत जाऊन टेकू मिठीत धरला.

"पसंत हाय," ते म्हणाले. "आमच्या घराले तशीबी माडी नाही."