भिंतीचं वळण

“भिंत इथंच संपली म्हणून सांगा. तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे?” डबा हातात देताना बायको म्हणाली, तेव्हा डॉक्टरने मान डोलावली.

डॉक्टर म्हणजे उत्खननावरचा साधा मजूर. थापीने माती ठोकून, कान लावून निदान करायचा, म्हणून हे नाव पडलेलं. कच्च्या विटांची भिंत आणि भोवतालची माती एकाच रंगाची. भल्याभल्या पदवीधरांची तिथे दांडी गुल व्हायची. राजवाड्याची पहिली भिंत बावीस वर्षांपूर्वी यानेच शोधली होती. आता तीच भिंत वळून थेट त्याच्या घराखाली शिरत होती आणि उत्खननावर हे त्याच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं. भिंत निघाली की घर जाणार, हे उघड होतं.

दुपारपर्यंत त्याने तोंडाला कुलूप लावलं. शेवटी उत्खननाच्या प्रमुख बाईंनी वही मिटली. “इथे काही नाही. पावसाचं पाणी जायला चर खणून टाका.” नव्या गड्याने कुदळ उगारली ती नेमकी भिंतीच्या कोपऱ्यावर.

“थांब मेल्या! भिंत आहे ती!”

बोलून गेल्यावर डॉक्टरला घर आठवलं.

“कमाल आहे हो तुमची!” बाई हरखून म्हणाल्या.

घरी बायको भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “राहवलं नाही ना?”

पाच महिन्यांनी घराचं छप्पर उतरलं, भिंती पाडल्या गेल्या. स्वयंपाकघराची जमीन तेवढी उरली.

“वरचा दीड फूट आजकालचा आहे,” बाई म्हणाल्या. “त्याची नोंद नको. कुदळीने काढून टाका.”

“बाई, इथं चौतीस वर्षं माणसं राहिली.”

“हो, पण त्यात आपल्याला काय सापडणार?” त्या अगदी मायेने म्हणाल्या.

डॉक्टरने कुदळ बाजूला ठेवली. गुडघे टेकून तो थापीने जमीन हलकेच खरवडू लागला. चुलीपाशी माती काळी पडली होती. शेजारी, बायको रोज बसायची तिथे, उथळ खळगा झाला होता.

तेवढ्यात ती कडेला येऊन उभी राहिली.

“ताई, दोरीच्या मागं व्हा,” पहारेकरी म्हणाला. “आत फक्त कामाची माणसं.”

ती मागे सरकली. डॉक्टरने पहिली पाटी भरली आणि ढिगाऱ्यावर नेऊन ओतली.