पाच अक्षरांचा शब्द

साखरपुड्याला अजून तासभर अवकाश होता. कुंभार पिंपळगावात सर्जेरावांच्या दारी लेक प्रियदर्शनीसाठी मांडव घातला होता, आचारी बुंदी पाडत होते आणि गुरुजी अजून वाटेतच होते. रिकामा वेळ बघून प्रियदर्शनीच्या चुलत बहिणीनं, अर्पितानं, नवरदेवाला गाठलं.

"दाजी, ताई वर्गात घेते तो खेळ खेळू. इंग्रजी शब्द लिहायचा. अक्षरं बराबर पाच, अन् त्यात एच आणि आर आलेच पाहिजेत."

कल्याणनं हसत तिच्या हातातला पेन आणि पुठ्ठा घेतला. पुठ्ठ्याकडं बराच वेळ बघत राहिला, मग लिहिलं, एच, ए, आर, टी.

"हार्ट! पण हे तर चारच झाले. मधला ई कुठं गेला?"

"ताईनं चोरला!" कोणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. प्रियदर्शनीही हसली. एम.एस्सी. झालेला, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत साहेब असलेला माणूस. मुद्दाम गंमत करत असणार.

"बरं, दुसरा लिहा. तुम्ही त्याच्यावरच बसलाय!"

कल्याणनं खाली बघितलं. "चेअर," तो म्हणाला. पुठ्ठ्यावर सी काढला, त्यापुढं ई काढला आणि थांबला. रुमालानं मान पुसली.

प्रियदर्शनीचं हसू ओठांवरच राहिलं. बदनापूरच्या शाळेत ती पाचवीला इंग्रजी शिकवायची. घाबरून विसरलेलं पोर वर छताकडं बघतं. ज्याला मुळातच येत नसतं, ते शेजारच्यांच्या तोंडाकडं बघतं. कल्याण एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

"जरा इकडं येता का?" ती म्हणाली. पोरींनी एकच गलका केला.

घरामागं पाण्याच्या हौदापाशी तिनं सरळ विचारलं, "तुमची एम.एस्सी. कुठली?"

"कसली एम.एस्सी.?" कल्याण गोंधळला. "मी दहावी नापास हाय. इंग्रजीत दोनदा राह्यलो. कंपनीसाठी घरच्या शेतात बियाणं पिकवतो. तुम्हाला ठावं हाय ना?"

मांडवातला आवाज एकदम लांब गेल्यासारखा झाला.

"तुमच्या घरच्यांनी आम्हाला फसवलं," ती कशीबशी म्हणाली.

"न्हाई हो! पहिल्याच भेटीत मी स्वतः तुमच्या आप्पांना सांगितल्तं. ते म्हणाले, पोरीला मी सांगतो. मंग पुढं म्हणाले, तिला बिलकुल चालतंय."

आप्पांना?

तिला एकेक आठवायला लागलं. एम.एस्सी.चंही तिला आप्पांकडूनच कळलं होतं. फोनवर बोलू का म्हटल्यावर आप्पा म्हणालेले, साखरपुड्यानंतर बोल. बघायला आले तेव्हाही दोघांच्या मधे तेच बसलेले. ती तशीच पुढच्या दारी आली. सर्जेराव बुंदीची चव बघत होते.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मागून येणाऱ्या कल्याणकडं बघितलं आणि घास गिळला. "हळू बोल. पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय. शिक्षणाचं सांगितलं असतं तर बघायला तरी तयार झाली असतीस का?"

"नसते झाले."

"म्हणून तर!"

इतकं सहज! तिला रडूही येईना. ज्या माणसानं तिला कॉलेजात घातलं, भांडून बी.एड. करू दिलं, त्यानंच हे केलं होतं. तिनं हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साखरपुडा होणार न्हाई."

मग व्हायचं ते सगळं झालं. आरडाओरडा, मानापमान, बायकांची रडारड. कल्याणची माणसं न जेवता गाड्यांत बसली. तो मात्र गाडीपासून माघारी आला.

"तुमची काही चूक न्हाई," तो म्हणाला. "पण मी सगळ्या गावाला सांगत होतो, मास्तरीण बाईनं समदं ठावं असून हो म्हटलं." एवढं बोलून तो वळला आणि गेला. त्यालाही तेवढंच फसवलं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशीच ती बदनापूरच्या खोलीवर गेली. पुढच्या रविवारी आप्पांचा फोन आला.

"झालं ते झालं. बोल की काहीतरी," ते म्हणाले.

तिला बोलायचं नव्हतं. पण आठवडाभर एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. गेल्या वर्षी परभणीच्या एका प्राध्यापकाचं स्थळ आलं होतं. तिला तो मनापासून आवडला होता, आणि चार दिवसांनी आप्पांनी सांगितलं होतं, त्यांचा नकार आलाय.

"आप्पा, परभणीवाल्यांचा नकार त्यांनीच दिल्ता ना?"

"ते जाऊ दे आता," आप्पा घाईनं म्हणाले.

म्हणजे तो नकारही आप्पांनीच दिला होता. प्रियदर्शनीनं फोन बंद केला.