येते हं!

टिकलीची परदेशातल्या शाळेत वर्षभर शिकण्यासाठी निवड झाली, तेव्हा तिच्या बाबांनी गल्लीत असा काही रुबाब केला, की लोकांना वाटावं निवड त्यांचीच झालीय. आईने मात्र एवढंच बजावलं, "दुसऱ्याच्या घरी राहायचंय. डोईजड होऊ नकोस."

डोईजड कसली होतेय! जिच्या घरी तिची सोय झाली ती बाई घरीच पडदे शिवायची. टिकलीने आल्या आल्या तिला मावशी करून टाकलं आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांना आजोबा. कापडाचे तुकडे गोळा कर, पडद्यांना आकडे लाव, पोरगी पडेल ते काम करायची. भाषेचंही तिला भय नव्हतं. मनात मराठी वाक्य जुळवायचं, एकेक शब्द बदलायचा आणि द्यायचं ठोकून. बहुतेक वेळा खपून जायचं.

त्या दिवशी तिला भर वर्गातून बाहेर बोलावलं. विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या.

"सामान आवर. तुझी मावशी तुला ठेवून घ्यायला तयार नाही."

"का? मी काय केलं?"

"आजोबा स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय."

बाई पुढे बोलतच होत्या. आजोबा पडद्याचा दांडा बसवायला चढले होते. दोन्ही हात वर अडकलेले, स्टूल डगमगायला लागलं, म्हणून त्यांनी टिकलीला हाक मारली, "जरा धर गं." तर ही म्हणाली, 'येते!' म्हातारा बिचारा तिच्या भरवशावर तसाच उभा राहिला. आणि ही दार ओढून शाळेत!

टिकलीला सगळं आठवलं. ती बूट घालत होती. मावशीचं मशीन खडखडत होतं. आजोबा आतून काहीतरी म्हणाले. तिला वाटलं, रोजच्यासारखं नीट जा म्हणताहेत. तिनेही रोजच्यासारखं उत्तर दिलं. घरातून निघताना 'जाते' कसं म्हणायचं? तसं म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. 'येते' म्हणायचं. म्हणून रोज ती त्यांच्या भाषेत तेच सांगायची, मी येते. तिला हे चुकतंय असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"मला आधी आजोबांना बघायचंय," ती म्हणाली.

दवाखान्यात आजोबा डोळे मिटून पडले होते. मावशी उशाशी उभी. तिने टिकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टिकलीने अडखळत, रडत, जमेल तसं सांगितलं. आमच्याकडे निघताना असंच म्हणतात. परत येणार आहे, म्हणून म्हणतात. मला हाक कळलीच नाही.

मावशीने आजोबांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "रोज सकाळी तू येते म्हणायचीस आणि मी मशीन थांबवून वाट बघायचे. तोवर दार वाजायचं. मला वाटायचं, पोरगी माझी थट्टा करते."

टिकलीला हे आजोबांच्या हाडापेक्षाही जास्त लागलं. इतके दिवस ती माणसं मनातून दुखावली जात होती आणि टिकली मात्र आपण किती गोड वागतो म्हणून खूश होत होती!

"चल," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुझं सामान घ्यायचंय."

टिकलीने दप्तर उचललं. दारापर्यंत गेली आणि तिथेच अडकली. निरोप न घेता निघायचं कसं? 'येते' म्हणायला आता तोंड नव्हतं. आणि खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'जाते' म्हणायला जीभ रेटेना. ती नुसतीच उंबऱ्यात उभी राहिली.

मागून मावशी आली. तिने टिकलीच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं आणि खाटेकडे वळून, स्वतःच्याच भाषेत, टिकली बोलायची तस्सं चुकीचं बोलली.

"बाबा, आम्ही येतो हं."