भाड्याने भरलेला वर्ग

आम्रपाली खोब्रागडे एमबीएसाठी चंद्रपूरहून पुण्याला आली. पहिलं वर्ष संपल्यावर सुट्टीत ती कोथरूडमधल्या एका गुंतवणूक फंडात इंटर्न म्हणून लागली.

फंडाचे मालक हिंमतराव जगदाळे. दुसऱ्यांचे पैसे तिसऱ्यांच्या धंद्यात लावायचे आणि त्यावर स्वतःला दूरदर्शी म्हणवून घ्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "छान. तुमच्या लोकांत आता बरंच शिक्षण आलंय." आपण कौतुक केलं, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर जेवणापर्यंत टिकलं.

त्या क्षणी तो माणूस आम्रपालीच्या मनातून उतरला, तो उतरलाच.

काम शिकवायला अभिनव होता. "सर बोलायला लागले की लिहून घ्यायचं," त्याने सांगितलं. "लिहिण्यासारखं नसलं तरी पेन हलत राहिला पाहिजे." एवढ्या भांडवलावर तो तीन वर्षं तिथं टिकला होता.

फंडाला एका शिकवणीच्या क्लासेसमध्ये भागीदारी घ्यायची होती. पाहणीसाठी तिघेही क्लासच्या कोथरूड शाखेत गेले. क्लासचे मालक आनंद सर दारातच उभे होते. आत दहावीचा सुट्टीतला वर्ग खचाखच भरलेला. हिंमतरावांनी दारातूनच नजर टाकली, "ग्रेट एनर्जी" म्हणाले आणि मालकांबरोबर चहाला गेले. अभिनवने पेन हलवला.

आम्रपाली मागच्या बाकावर एका मुलीशेजारी जाऊन बसली. मुलीचं नाव अक्षता.

"रोज इथंच येतेस?"

"नाही ताई. आम्ही येरवडा ब्रँचचे. आज बसनं आणलंय आम्हाला. वडापाव देणारेत."

"तिकडे कोण शिकवतं?"

"सर सोडून गेले. व्हिडिओ लावतात."

परतताना आम्रपालीने हे अभिनवला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "तुला कोणी विचारलं होतं का?" तो म्हणाला. "सरांना आवडलंय. उगाच घोळ घालू नकोस."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तिने सगळं सांगून टाकलं. अभिनव खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत राहिला. हिंमतराव मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"भाड्याने आणलेली मुलं? अरे वा." ते मनापासून खूश झाले. तिथंच त्यांनी आनंद सरांना फोन लावला. आवाज चढवला नाही. फक्त बसचा आणि वडापावचा उल्लेख केला. दहा मिनिटांत आनंद सर निम्म्या भावात भागीदारी द्यायला तयार झाले.

"पण तिथं शिकवायला माणूसच नाही," आम्रपाली म्हणाली.

"दोन वर्षांत आपण हा हिस्सा दुसऱ्या कुणाला विकू. शिक्षक शोधायची डोकेदुखी त्यांची."

"आणि मुलं?"

"कुठली मुलं?" त्यांनी खरोखरच विचारलं.

मग त्यांनी तिला कायमच्या नोकरीची ऑफर दिली. पहिल्याच इंटर्नशिपमध्ये हे कुणाला मिळत नाही, असं अभिनव टाळ्या वाजवत म्हणाला. कालचा सल्ला तो एव्हाना साफ विसरला होता.

"नको, सर."

"अशी संधी तुम्हाला परत मिळणार नाही."

"मिळू नये म्हणूनच नको म्हणतेय."

हिंमतरावांना ते कळायला थोडा वेळ लागला. तोवर ती लिफ्टपाशी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती येरवड्याच्या शाखेत गेली. क्लास सुटताना अक्षताची आई, इंदुबाई, तिला न्यायला आली होती. क्लास बघायला आलेल्या फंडातली म्हणून आम्रपालीने ओळख दिली आणि म्हणाली, "मावशी, इथं आता शिक्षक येईल असं वाटत नाही. दुसरीकडे बघा."

"वर्षाची फी घेऊन बसलेत ते," इंदुबाई म्हणाल्या. "परत देतील?"

"मागा. चार-पाच जणी मिळून जा. मी येते बरोबर."

इंदुबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही त्यांच्यातल्याच ना?"

"कालपर्यंत होते."

इंदुबाईंचा लगेच विश्वास बसला नाही. पण त्यांनी पुढं चाललेल्या दोन बायकांना हाक मारून थांबवलं आणि आम्रपालीला म्हणाल्या, "आता हे सगळं यांनाही सांगा."