लोकसभेत फुलाबाईचं नाव

"लाव की गं पुन्यांदा," फुलाबाई म्हणाली आणि पदर सारखा करून ओट्यावर ऐसपैस बसली.

पुतणी राणीने मोबाइल पुढे धरला. वाडीतल्या बाया त्याच्यावर वाकल्या. दिल्लीच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात खासदार हैबतराव उभे होते आणि चक्क मराठीत बोलत होते.

"अध्यक्ष महोदय, देशाच्या विकासावर इथे कालपासून चर्चा चालली आहे. माझ्या मुळशीतल्या धरणाची वीज मुंबईला जाते. त्याच धरणाच्या काठावर, करवंदवाडीत, फुलाबाई नावाची एक बाई राहते. वाडीला रस्ता नाही, म्हणून तिला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला. वाटेतच ती बाळंत झाली. ते बाळ..."

तेवढ्यात घंटा वाजली. वेळ संपली, असं अध्यक्ष म्हणाले. हैबतराव "एकच मिनिट" म्हणेपर्यंत त्यांचा माइक बंद झाला.

"आमची फुलाबाय दिल्लीत गेली गं!" एकीने टाळी वाजवली. फुलाबाई लाजली. पन्नाशीच्या बाईने लाजावं तितपत लाजली आणि मग जरा जास्तच लाजली.

आत चुलीपुढे बसलेल्या पारूने भाकरी तव्यावर अशी आदळली की ती मधोमध फाटली. झोळीत फुलाबाई नव्हतीच मुळी. झोळीत पारू होती. कळा पारूच्या होत्या आणि ओढ्याकाठी पुरलेलं पोरगंही पारूचंच होतं. फुलाबाई तिची थोरली जाऊ. तिची कूस कधी उजवलीच नाही. नवरा रामदास होता तोवर नवस झाले, देवऋषी झाले, नंतर रामदासही गेला. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तरी मोबाइलसमोर बसून एकीच्याही तोंडून निघालं नाही की अगं, ही तर पारूची गोष्ट.

पारूला खरा राग त्याचाच होता.

तसं पाहिलं तर चूक कोणाचीच नव्हती. मागे हैबतराव वाडीत आले, तेव्हा याच ओट्यावर सतरंजी टाकली होती. "तुमच्या अडचणी सांगा," ते म्हणाले. घरातली थोरली असताना धाकटीने पाहुण्यांपुढे तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीतच. आणि पारूला तरी कुठे बोलायचं होतं? झोळीचा विषय निघताच ती हंडा उचलून झऱ्यावर निघून गेली. परतली तेव्हा साहेब डोळे पुसत होते आणि त्यांच्यासोबतचा पोऱ्या सांगणाऱ्या बाईचं नाव विचारून घेत होता. त्या दिवशी पारूला सुटल्यासारखंच वाटलं होतं. आक्कानं सांगून टाकलं, आपल्यामागची कटकट गेली, असं तिला वाटलं.

आता मात्र दुःख तिचं आणि मान थोरलीला, असा हिशेब झाला होता. पौडच्या बाजारात फुलाबाईची करवंदांची पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी होऊ लागली. "त्या लोकसभेतल्या बाई का तुम्ही?" पुण्याची माणसं गाड्या थांबवून विचारत, आणि फुलाबाई नुसती हसायची. व्हय म्हणायची नाही, न्हाई तर त्याहून म्हणायची नाही. शेजारी पारूही बसलेली असायची, तशाच पानाच्या द्रोणात तशीच करवंदं घेऊन. तिच्या पाटीकडे कोणी ढुंकून पाहायचं नाही. डोंगरातली करवंदं दोघींनी एकाच जाळीतून तोडलेली, पण फुलाबाईची तेवढी गोड निघत असावीत.

"आक्कानं एका शब्दानं तरी सांगावं का न्हाई, की ती मी न्हवं म्हनून?" पारूने नवऱ्याला विचारलं.

बारकू कोयत्याला धार लावत होता. तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे की. घरातलंच हाय."

"तुमाला घरातलं. माज्या पोटातलं हुतं."

बारकूचा हात थांबला. मग तो पुन्हा धार लावू लागला. झोळीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर होता आणि मागचा रामदासच्या. त्या दिवसाबद्दल बारकू इतक्या वर्षांत कधीच बोलला नव्हता. पारूने विचारलंही नव्हतं. तिला खिंडीपर्यंतचं आठवत होतं, पुढचं काही नाही. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा फुलाबाई उशाशी होती. "मेल्यालंच जल्मलं, पारे," एवढंच ती म्हणाली होती.

पुढे रस्ता मंजूर झाला. खासदारांच्या भाषणामुळे झाला असं त्यांची माणसं म्हणत, निवडणुकीमुळे झाला असं पिरंगुटच्या टपरीवरची माणसं म्हणत. कशामुळे का होईना, डोंगर फोडून खडी पडली, ओढ्यावर मोरी झाली आणि वर डांबर आलं. उद्घाटनाची तारीख ठरली. फीत फुलाबाई कापणार, शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार होणार, असा निरोप आला. पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या राणीने काकीसाठी अबोली रंगाची साडी आणली. पारूची पोटची पोर, आणि साडी कोणाला? त्या दिवशी पारूने दोन वेळा भांडी घासली, दुसऱ्यांदा नुसतीच आपटायला.

तिने मनाशी ठरवलं. सभेत उठायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं. झऱ्यावर जाता-येता ती पुटपुटत घोकू लागली, "सायेब, झोळीतली बाय मी हाय. ह्या न्हाईत. मी हाय." रीतबीत गेली चुलीत. लोकसभेत लागलेलं नाव खोडता येतं की नाही ते तिला माहीत नव्हतं, पण निदान मुळशी तालुक्याला तरी कळू दे.

रस्ता जिथे खालच्या गावाला मिळतो, तिथे मांडव घातला होता. फीत कापून झाली. फुलाबाईच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि तिला स्टेजवरच्या खुर्चीत बसवण्यात आलं. एवढ्या गुबगुबीत खुर्चीत ती अंग चोरून टोकावर बसली होती. पारू पुढच्या सतरंजीवर, बारकू तिच्या मागे. हैबतराव बोलायला उभे राहिले. माणूस बोलायला पट्टीचा, यात शंका नाही. धरण, वीज, हिंजवडीचे दिवे, सगळं सांगून ते म्हणाले,

"सभागृहात माझी वेळ संपली. फुलाबाईंची गोष्ट तिथे अर्धीच राहिली. ती आज इथे पुरी करतो. लोकहो, ते बाळ जिवंत जन्मलं होतं."

पारू उठण्याच्या बेतात होती. ती तशीच, एक हात जमिनीवर टेकलेली, थांबली.

"खिंडीत जन्मलं. रडलं. डोळे उघडून त्यानं बघितलं. या माउलीनं त्याला पदराखाली छातीशी धरलं आणि ती झोळीपुढे पळत सुटली. दवाखाना गाठायचा होता. ओढ्यापर्यंत त्याची धुगधुगी होती. ओढ्यात गुडघाभर पाणी. ते ओलांडताना तिच्या हातातच बाळ गेलं. रस्ता असता, तर वाचलं असतं."

झोळीत असलेली बाई झोळीपुढे पळेल कशी, हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही आलं नाही. पारूने वळून बारकूकडे पाहिलं. बारकूने मान खाली घातली होती. ती वर आली नाही.

पारू उभी राहिली. घोकलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. आजवर तिला फुलाबाईच्या साडीचा, शालीचा, नावाचा हेवा वाटला होता. ते सगळं आता फुटकळ वाटलं. त्याने डोळे उघडले होते, आणि ते उघडे डोळे हिने पाहिले होते.

"काय ताई? बोलायचंय?" हैबतरावांनी विचारलं. कोणीतरी माइक तिच्या तोंडापुढे धरला.

पारूने साहेबांकडे बघितलंच नाही. स्टेजवरच्या जावेकडे बघत ती म्हणाली, "आक्का, खरंच रडला हुता?"

माइकवरून तो आवाज मांडवभर झाला. फुलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नारळ घट्ट धरला आणि मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "रडला हुता."

माणसं हेलावली. मांडवात पुन्हा टाळ्या पडल्या. हैबतरावांनीही टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम पुढे सरकला.

संध्याकाळी दोघी नव्या रस्त्याने वर निघाल्या. बारकू आणि राणी बरेच पुढे गेले होते. ओढ्यावरच्या मोरीपाशी पारू थांबली.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू वाचतीस का न्हाई त्येच कळंना. डाक्टर म्हनला, धक्का देऊ नगा. मंग येक दिस गेला, दोन दिस गेलं. मंग कसं सांगनार गं?"

"सायबाला सांगितलं की."

"कुनाला तरी सांगायचं हुतं," ती म्हणाली. "माज्याबी हातात येकदाच आलं, पारे. त्येंनी माजं नाव लावलं तवा वाटलं, ऱ्हाऊ दे. थोडं दिस ऱ्हाऊ दे."

पारूला तिची दया यायला हवी होती. आली नाही. नऊ महिने तिने वागवलं आणि जिवंत असताना ते या बाईच्या अंगाला लागून होतं.

"कसा धरला हुता?"

फुलाबाईने नारळ मोरीच्या कठड्यावर ठेवला. खांद्यावरची शाल काढली, घडी करून गुंडाळली आणि डाव्या कोपरात घेतली. वरून पदर ओढला. "असा."

पारूने दोन्ही हात पुढे केले. फुलाबाईने क्षणभर शाल तशीच धरून ठेवली, मग दिली.

पारू चालू लागली. ओढ्यापासून वर, चढाने, कोपरात ती शाल घेऊन. वर पदर. फुलाबाई दोन पावलं मागून नारळ घेऊन येत होती. मागून एक जीप आली, ड्रायव्हरने वेग कमी करून "येताय का, आजी?" म्हणून विचारलं. पारूने मानेनेच नको म्हटलं.

खिंड आली. डांबराच्या कडेला जुन्या पायवाटेचा तुकडा अजून दिसत होता. फुलाबाई तिथे थांबली.

"हितं झाला," ती म्हणाली आणि शालीसाठी हात पुढे केले.

पारूने तो पायवाटेचा तुकडा पाहिला, जावेचे पसरलेले हात पाहिले. शाल दिली नाही. पदर नीट ओढून घेतला आणि वाडीकडे निघाली.

फुलाबाई नारळ पोटाशी धरून मागून चालत राहिली.