अक्षदाच्या झाडाखालचा कचरा

वच्छलाबाईंच्या हातात खराटा आला की घरात कुणाची धडगत नसे. फुलंब्रीच्या मोसंबीच्या बागेतसुद्धा पडलेलं पान त्यांना खपायचं नाही. म्हणून यंदा मुंजाबांनी सगळ्या झाडांखाली सोयाबीनचं भुसकट अंथरलं, तेव्हा बाईंनी नवऱ्याशी अबोलाच धरायचा बाकी ठेवला.

"बाग हाय का उकिरडा?"

"आगं, मातीला ऊन लागत नाय त्यानं. ओल टिकती, पाणी निम्मंच सोडलं तरी पुरतं."

बाकीची बाग त्यांनी नवऱ्यावर सोडली, पण बांधाकडचं एक झाड नाही. लेक अक्षदा सासरी जाताना ते स्वतःच्या हातानं लावून गेली होती. चिकलठाण्याहून माहेरी आली की घरात शिरण्याआधी ती त्याच्याखाली टेकायची. लेकीच्या बसायच्या जागी कचरा? रोज सकाळी मुंजाबा गोठ्यात धार काढायला गेले की बाई तेवढं झाड लख्ख झाडून घेत.

मे तापला आणि नेमकं तेच झाड सुकू लागलं. पानं वळली, बोराएवढी फळं टपाटप गळू लागली. बाईंनी नवऱ्याला ओढतच झाडापाशी आणलं. अक्षदा यायची होती.

"नळी तुंबली आसंल, बगा की."

मुंजाबांनी ठिबकची नळी पाहिली. पाणी येत होतं. मग त्यांनी झाडलेली जमीन पाहिली, बायकोकडं पाहिलं, आणि तिचा हात धरून शेजारच्या झाडाच्या भुसकटाखाली खुपसला. आत गारवा होता. एक गांडूळ वळवळत बोटाला लागलं. मग तोच हात त्यांनी अक्षदाच्या झाडाखाली टेकवला. माती तव्यासारखी पोळली.

"मीच वाळवलं वं लेकीचं झाड!" बाई मटकन बसल्या आणि रडू लागल्या.

मुंजाबा रागावले नाहीत. भुसकटाची पाटी घेऊन आले. "ऊठ. जाड पसर. फकस्त खोडाला चिकटू देऊ नको, कुजंल ते."

अक्षदा आली तोवर पानं सरळ झाली होती, फळं मात्र थोडीच उरली होती. झाडाखालचा पसारा पाहून ती थबकली. शेवटी लेक आईचीच. तिनं खराटा उचलला.

"हात लावू नको!" बाईंनी तो हिसकून बांधापलीकडं भिरकावला.

"आई, बरं नाय का तुला?"

बाईंनी तिला तिथंच बसवलं, तिचा हात धरून भुसकटाखाली सारला आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "गार लागतं का गं?"

"लई गार हाय, आई."